तान्ह्याच्या कंठातील गाठ

परतूरहून माजलगावकडे निघालेल्या मनुष्यास वाटेत आष्टी लागते. महाराष्ट्रात या नावाची गावे पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यातील तालुक्याची आष्टी निराळी, १९४२ च्या हुतात्म्यांमुळे ओळखली जाणारी वर्ध्याकडील आष्टी निराळी, आणि मोहोळ तालुक्यातील तलावाची आष्टी तीही निराळीच. प्रस्तुत आष्टी जालना जिल्ह्यातली. म्हणजे १ मे १९८१ रोजी तो जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत परतूर तालुक्यासह परभणीच्या दप्तरी असलेली, आणि त्याही आधी निजामाच्या अमलाखाली राहिलेली. नवजात बालकांच्या कंठात क्वचित आढळणाऱ्या आणि श्वास कोंडणाऱ्या द्रवगाठींचा जो आढावा येथे घ्यावयाचा आहे, त्याचा आरंभ मुंबई-पुण्याच्या एखाद्या नामांकित रुग्णालयातून न करता मुद्दाम अशा गावातून करण्याचे कारण इतकेच की, ही व्याधी जेथे बरी होते तेथे तिच्याविषयीचे बहुतेक प्रश्न सुटलेले आहेत. जेथे मूल जन्मास येते आणि पहिले चाळीस दिवस काढते, तेथे ते अद्यापि जसेच्या तसे पडून आहेत.

प्रथम गाठीचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. जिभेचे मूळ आणि स्वरयंत्रावर झाकणासारखा उभा असलेला कूर्चेचा पडदा, ज्यास आपल्याकडे कंठच्छद असे म्हणतात, या दोहोंच्या मध्ये एक लहानसा खळगा असतो. तेथील श्लेष्मल त्वचेत सूक्ष्म ग्रंथी असतात, आणि त्यांपैकी एखादीचे तोंड जन्मापूर्वीच बुजले तर आत स्राव साचत जाऊन गाठ फुगते. दुर्बिणीतून पाहिले असता ती नितळ, पांढुरकी-पिवळसर, भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यासारखी अर्धपारदर्शक दिसते. आकार मात्र सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही अधिक. मोठ्या माणसाच्या घशात एवढीशी गाठ वर्षानुवर्षे राहिली तरी त्यास तिचा पत्ता लागत नाही, आणि पुष्कळदा भूल देताना किंवा दुसऱ्याच कारणाने घसा तपासताना ती अवचित सापडते. नवजाताच्या ठायी हीच गाठ कंठच्छदास मागे रेटते, तो पडदा स्वरयंत्राच्या मुखावर कलतो, आणि बालक श्वास आत घेऊ लागले की कलती वस्तू अधिकच आत ओढली जाऊन वाट आणखी अरुंद होते.

अरुंद म्हणजे किती, हा हिशेब वैद्यकाच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकवला जातो. तथापि तो एकदा सामान्य वाचकाच्याही दृष्टीखालून जावा. पूर्ण दिवसांच्या नवजाताच्या श्वासमार्गाचा सर्वांत अरुंद भाग अवघा चार-पाच मिलिमीटर व्यासाचा असतो. चार मिलिमीटरच्या नळीस आतून सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर व्यास निम्मा होतो, क्षेत्रफळ चौथाई उरते, आणि शांत प्रवाहाच्या नियमानुसार हवेस होणारा विरोध सोळापट वाढतो. त्यात नवजात बालक प्रायः नाकानेच श्वास घेते, त्याचे स्वरयंत्र प्रौढाच्या मानाने गळ्यात पुष्कळ वर असते, जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, आणि दूध पिणे व श्वास घेणे ही दोन कार्ये त्यास जवळजवळ एकाच वेळी साधावी लागतात. यामुळे कंठातील अडथळ्याची पहिली फिर्याद श्वासाची म्हणून न येता दुधाची म्हणून येते: मूल छातीला लागते, दोन-चार घोट घेते, ठसकते, सोडून देते, पुन्हा रडते, आणि आई म्हणते, "पीतच नाही नीट."

कंठातील अशा गाठी एकाच जातीच्या नसतात. वर वर्णिलेली खळग्यातील गाठ सर्वांत परिचित. दुसरी स्वरयंत्राच्या आतल्या बाजूस, स्वरतंतूंच्या वर असलेल्या एका चिमुकल्या कोशात द्रव साठून होते; हिच्यात आवाजही बदलतो, रडणे दबके किंवा घोगरे येते. अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, गर्भावस्थेत जिभेच्या मुळाशी उत्पन्न होऊन खाली मानेत उतरते, त्या प्रवासाची वाट पूर्णपणे बुजली नाही तर तिच्या आरंभाशीच, जिभेच्या मुळात, गाठ राहू शकते. येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण जिभेच्या मुळाशी दिसणारी प्रत्येक गोल वस्तू द्रवगाठ नसते. क्वचित ती न उतरलेली अवटु ग्रंथीच असते, आणि बालकाच्या शरीरात तेवढीच एक असते. घाईने ती काढली तर श्वास मोकळा होईल, परंतु मूल आजन्म थायरॉइडच्या गोळीवर अवलंबून राहील, आणि ती गोळी वेळेवर सुरू झाली नाही तर बुद्धीची वाढ खुंटेल. म्हणून मानेची सोनोग्राफी करून ग्रंथी आपल्या जागी आहे याची खात्री करून घेतल्यावाचून जाणता शल्यचिकित्सक शस्त्र उचलत नाही. याखेरीज लसीकावाहिन्यांच्या विकृतीमुळे मानेपासून जिभेपर्यंत पसरणाऱ्या मऊ पाणथळ गाठी आहेत. त्या काढून टाकणे दुष्कर असल्याने त्यांत औषध टोचून त्या आकसवण्याचा मार्ग जपानमध्ये १९८० च्या दशकात पुढे आला, आणि आपल्याकडे त्या कामी ब्लिओमायसिन वापरतात. आणखी एक जात जन्मजात नसून उपार्जित आहे: अपुऱ्या दिवसांचे बालक वाचविण्यासाठी श्वासनलिकेत घातलेल्या नळीने आतील त्वचा दुखावते आणि काही आठवड्यांनी स्वरतंतूंच्या खाली बारीक द्रवगाठी धरतात. नवजात अतिदक्षता विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत झाले, दीड किलोचे मूल जगू लागले, हे उत्तमच झाले. पण त्या यशाच्या पोटी ही नवी अडचणही आली, आणि घरी गेलेले असे मूल दोन महिन्यांनी घुरघुरू लागले तर तिची आठवण ठेवली पाहिजे.

आपल्या प्राचीनांनी कंठाकडे दुर्लक्ष केले होते असे नव्हे. सुश्रुतसंहितेत मुखरोग पासष्ट सांगितले असून त्यांतील सतरा कंठातील आहेत. काश्यपसंहितेत तर न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून व रडण्यावरून कशी ओळखावी याचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. मात्र जिवंत मनुष्याच्या घशाचा तळ डोळ्यांनी पाहण्याची सोय कोणापाशीच नव्हती. ती सोय प्रथम साधली ती एका गानशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया याने १८५४ साली पॅरिसमध्ये आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरयंत्र पाहिले आणि पुढल्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध सादर केला. परंतु आरशापुढे जीभ बाहेर काढून 'आ' करणारा रुग्ण हवा. चार दिवसांच्या अर्भकाकडून ते होणे नाही. त्यामुळे १८८१ साली ॲबरक्रॉम्बी याने अर्भकाच्या स्वरयंत्रातील जन्मजात द्रवगाठीची हकीकत प्रसिद्ध केली तेव्हा, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, अशा गाठींचा शोध वारंवार शवविच्छेदनाच्या मेजावरच लागत असे. १८९५ मध्ये बर्लिनच्या कर्स्टाइनने घसा सरळ उघडून प्रत्यक्ष पाहण्याची रीत दाखवली. त्यानंतरचा मोठा टप्पा आपल्या अभिमानाचा आहे: पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचेच्या केशतुल्य तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाकवून नेता येते हे सिद्ध केले, आणि त्याच तत्त्वावर पुढे ती लवचीक दुर्बीण निघाली, जी आज नवजाताच्या नाकपुडीतून, बहुधा भुलेवाचूनच, काही क्षणांत स्वरयंत्रापर्यंत पोहोचते. १९७० साली मेयो क्लिनिकच्या डीसँटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वरयंत्राच्या २३८ द्रवगाठींचा अभ्यास करून त्यांची जी वर्गवारी लावली, ती थोड्याफार फेरफाराने अजून चालू आहे.

आता विरळपणाचा प्रश्न. वैद्यकीय वाङ्मयात स्वरयंत्राच्या जन्मजात द्रवगाठींचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे १.८२ असे पुनःपुन्हा उद्धृत केले जाते. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती. हजारी अठरा जन्म धरले तर वर्षाकाठी पस्तीस हजार बालके होतात, आणि त्या मानाने संपूर्ण जिल्ह्यात तीन वर्षांत असे एखाद-दुसरे मूल यावे. आष्टीच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरास सबंध नोकरीत एकही दिसणार नाही, आणि गावच्या सुईणीस तर दोन पिढ्यांतही नाही. या हिशेबावरून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता येतात. एक असा की, इतक्या विरळ रोगासाठी सरकारी यंत्रणेने जीव टाकण्यात अर्थ नाही. अपुरे दिवस, जंतुसंसर्ग आणि जन्मतःच श्वास न धरणे यांनी जेथे मुले दगावतात तेथे प्रथम त्यांचा बंदोबस्त व्हावा. हे मत चुकीचे नाही. दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: हा आकडा ज्यांच्या घशात दुर्बीण गेली त्यांचा आहे. ज्या मुलुखात दुर्बीण जात नाही तेथे हे मूल न्यूमोनियाच्या नाहीतर "दूध अडकून" गेल्याच्या सदरात नोंदले जाते, किंवा नोंदलेच जात नाही, आणि नोंद नाही म्हणून रोग नाही असा कारभार सुरू राहतो.

शिवाय या विरळ रोगाचा दरवाजा विरळ नाही. नवजाताचा श्वास वाजणे ही गोष्ट नेहमीची आहे, आणि तिचे सर्वांत सामान्य कारण निरुपद्रवी म्हणता येईल असे आहे. स्वरयंत्राच्या वरच्या भागाची कूर्चा जन्मतः मऊ असते; श्वास घेताना ती आत कोसळते आणि शिट्टीसारखा किंवा कोंबड्याच्या आरवण्यासारखा आवाज येतो. अर्भकांच्या वाजणाऱ्या श्वासांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक यामुळेच असतात. हा आवाज पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू होतो, सहा-आठ महिन्यांपर्यंत वाढतो आणि दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. त्यामुळे डॉक्टरांच्या तोंडी एक ठराविक दिलासा बसून गेला आहे: "घसा मऊ आहे, मोठं झाल्यावर जाईल." शंभरांतील बहुतेक मुलांच्या बाबतीत हे वाक्य अक्षरशः खरे ठरते, आणि नेमका हाच त्याचा धोका आहे, कारण खळग्यातील द्रवगाठीचा आवाज कानास तसाच लागतो, तोही श्वास आत घेतानाच येतो, उताणे निजवल्यावर वाढतो, कुशीवर घेतल्यावर कमी होतो, किंबहुना दोन्ही विकार एकाच मुलाच्या ठायी एकत्र असणेही सर्रास आढळते. कानाने या दोहोंत फरक करता येतो असे म्हणणाऱ्याने कानावर फार भिस्त ठेवली आहे. फरक करते ती दुर्बीण. आणि दुर्बीण कोणाच्या घशात घालावी हे ठरविते ते बालकाचे वजन, त्याचे पिणे आणि त्याचा रंग.

या दिलाशाचे खेडवळ प्रतिरूपही आहे. मराठवाड्यात तान्ह्याचा श्वास वाजू लागला, बरगड्यांखाली खळगे पडू लागले की "डबा झाला" म्हणतात. कोणी छातीस ओव्याचा शेक देते, कोणी शेपा-ओव्याची धुरी करते, कोणी नाकात तेलाचे थेंब सोडते, आणि सहाणेवर उगाळलेली गुटी तर पाचवीपासूनच चालू असते. शेक बेताचा असेल तर त्याने अपाय नाही. धुराने मात्र आधीच सुजलेली वाट अधिक सुजते, आणि ज्या मुलास आईचे दूध गिळणेही जड जाते त्याच्या तोंडात चमच्याने गुटी लोटणे म्हणजे ती फुप्फुसात लोटणे होय. याहून दारुण प्रकार म्हणजे डाग देणे. मेळघाटात त्यास डंबा म्हणतात. तापलेल्या विळ्याने किंवा सळईने अर्भकाच्या पोटावर चटके दिल्याच्या बातम्या तेथून अजूनही अधूनमधून येतात. त्या बातम्या वाचून शहरातील लोक हळहळतात आणि अज्ञानास दोष देऊन मोकळे होतात. मला वाटते, त्या कुटुंबाने एक गोष्ट बरोबर पाहिलेली असते: मुलाचे पोट प्रत्येक श्वासागणिक खोल आत जात आहे, काहीतरी बिघडले आहे, आणि ताबडतोब काही केले पाहिजे. त्यांचे निरीक्षण खरे असते. इलाज क्रूर व निरर्थक असतो.

आणि अशिक्षित समजल्या गेलेल्या माणसाच्या निरीक्षणास वैद्यकाचे साधन कसे करता येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था १९८६ मध्ये सुरू केल्यावर बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेतला तेव्हा अडचण अशी होती की, गावातील दाईस मिनिटाला साठ श्वास मोजता येत नव्हते. त्यांनी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी यांचे एक साधन बनविले; दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचले तर मूल आजारी. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी नवजाताची घरीच शुश्रूषा करण्याचा जो प्रयोग झाला, त्याची हकीकत डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापली: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले होते. आज आष्टीची आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या दारी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, हातात वजनकाटा, तापमापक आणि मिनिटे मोजण्याचे घड्याळ नेते, त्या प्रथेचा उगम त्या ३९ गावांत आहे.

मात्र या पद्धतीची एक मर्यादा आहे, आणि ती प्रस्तुत विषयाच्या मुळाशी भिडते. ती रचली गेली न्यूमोनिया व जंतुदोष पकडण्यासाठी. म्हणून ती श्वास मोजते, ऐकत नाही. कंठातील अडथळ्याने गुदमरणारे मूल पुष्कळदा घाईघाईने श्वास घेत नाही, कष्टाने घेते. मिनिटाचा आकडा पन्नासवर थांबतो आणि बरगड्यांखालचा खळगा तेवढा खोल होत जातो. बालरोगांच्या सरकारी तक्त्यात शांत असलेल्या मुलाचा श्वास वाजणे हे धोक्याचे चिन्ह म्हणून दिलेले आहे खरे, पण ते दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. दोन महिन्यांच्या आतील बालकाच्या तक्त्यात जलद श्वास, छाती आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे ही चिन्हे आहेत, वाजणारा श्वास नाही. परिणामी असे बालक पकडले गेलेच तर जंतुदोषाचे म्हणून पकडले जाते, त्यास इंजेक्शने मिळतात, दोन दिवस ऑक्सिजनवर ते बरे दिसते, घरी जाते, आणि पुन्हा घुरघुरू लागते. हा फेरा दोनदा झाला की तिसऱ्या वेळी कोणीतरी गळ्याचा विचार करावा, एवढी एक ओळ त्या तक्त्यात घालण्यास काही खर्च येत नाही.

वजनाची गोष्ट त्याहून सोपी आहे. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात बालकाचे वजन शेकडा सात ते दहाने घटते, दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येते, आणि त्यानंतर दिवसाला वीस ते तीस ग्रॅमप्रमाणे वाढते. आशाताईच्या वहीत चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचे वजन जवळजवळ एकच असेल आणि समासात "घसा वाजतो" असे लिहिलेले असेल, तर गाठीचे नाव ठाऊक असण्याची काहीही गरज नाही. त्या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचणारा माणूस हवा. सध्याच्या व्यवस्थेत वजन एका तक्त्यात जाते, आजार दुसऱ्यात, आणि महिनाअखेरीस दोन्हींची केवळ बेरीज वर पाठवली जाते. रडणे दबके असणे, पिताना ओठ निळे पडणे, निजेत श्वास मध्येच थांबणे यांपैकी एकही गोष्ट दिसली तर वजनाचीही वाट पाहू नये.

रवानगीचा मार्ग कागदावर सरळ आहे: आष्टीहून परतूरचे ग्रामीण रुग्णालय, तेथून वाटूरमार्गे जालन्याचे स्त्री रुग्णालय व त्यातील नवजात कक्ष, आणि तेथेही भागले नाही तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, ज्यास सारा मराठवाडा घाटी म्हणून ओळखतो आणि ज्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून चालू आहे. जालन्यासही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन सुरू झाले आहे. २०११ पासून आजारी नवजाताची वाहतूक व उपचार सरकारी खर्चाने व्हावेत असा नियम आहे आणि २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी आहे. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर नवे कागद, नवी तपासणी आणि नवा दिलासा असतो, आणि आवाजाचे मूल तर गाडीत बसताना अनेकदा शांत झोपलेले असते. त्याचा घसा नेमका डॉक्टरांसमोर वाजत नाही. अशा वेळी घरच्या माणसाने मोबाइलवर दूध पितानाचे आणि निजलेले असे दोन तुकडे चित्रित करून न्यावेत. कित्येक पानी चिठ्ठीपेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञास त्यातून अधिक कळते, आणि आज आष्टीच्या कोणत्याही वाड्या-तांड्यावर ते साधन आहे.

रुग्णालयात पोहोचल्यानंतरची कथा तुलनेने थोडक्यात सांगता येते, जरी तिच्यातील एक प्रसंग विलक्षण जोखमीचा आहे. लवचीक दुर्बिणीने गाठ दिसली की सोनोग्राफी आणि आवश्यक तर एमआरआय करून ती खरोखर द्रवगाठ आहे, तिच्याशी मेंदूचा किंवा रक्तवाहिनीचा संबंध नाही, याची खात्री करतात. जोखीम आहे ती भुलेच्या वेळी. बालक जागे असते तोवर त्याचे स्नायू आपल्या बळावर ती चिंचोळी फट उघडी धरून असतात. भूल देऊन ते शिथिल केले की फट मिटते, मुखवट्यातून रेटलेली हवा आत जात नाही, आणि नळी घालू पाहणाऱ्या भूलतज्ज्ञास स्वरयंत्राच्या जागी केवळ एक गुळगुळीत फुगवटा दिसतो. म्हणून अशा मुलास स्वतःचा श्वास चालू ठेवूनच हळूहळू वायुरूप भूल देतात, नळी जिभेच्या कडेने नेतात, शल्यचिकित्सक हात धुऊन बाजूस उभा असतो, आणि प्रसंग गुदरलाच तर सुईने गाठीतील द्रव ओढून ती क्षणार्धात सपाट करतात. ही सुई प्राण वाचवते, रोग मात्र घालवत नाही. नुसता द्रव काढला तर कोश पुन्हा भरतो आणि गाठ परत येते. त्यासाठी गाठीचे छत कापून ती कायमची उघडी करतात किंवा भिंतीसह समूळ काढतात. लेझर असो, शीतदाहक यंत्र असो की साधी बारीक कात्री, साधनापेक्षा हात महत्त्वाचा. एवढे नीट झाले की बहुतेक मुले दोन-चार दिवसांत दूध ओढू लागतात. गळ्यास छिद्र पाडून श्वासाची नळी बसविण्याचा प्रसंग आता क्वचित येतो, पण तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी जीव वाचविण्याचा तोच शेवटचा मार्ग ठरतो.

जन्मापूर्वीच निदान होण्याची आशा कितपत धरावी? मोठी गाठ असेल, तिने गर्भाचे गिळणे अडवले असेल, तर गर्भजल वाढते आणि सोनोग्राफीत मानेपाशी काळी पोकळी दिसते. अशा वेळी सिझेरियन करताना बालकाचे डोके व खांदे बाहेर काढून, नाळ न कापता, वारेतून त्याचे रक्ताभिसरण चालू असतानाच घशात नळी घालण्याची शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रांत होऊ शकते. खळग्यातील सेंटिमीटरभर गाठ मात्र या तपासणीत बहुधा निसटते. तेव्हा पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी निर्दोष होती म्हणून घुरघुरणाऱ्या मुलाच्या बाबतीत निश्चिंत राहण्यास काही आधार नाही.

धोरणाच्या अंगाने पाहता, २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांची जी यादी आहे तिच्यात दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाऊल, मोतीबिंदू, हृदयाचे छिद्र इत्यादींचा समावेश आहे; कंठातील अडथळ्यांचा नाही. यादीत नाव घातल्याने रोग बरा होतो असे समजण्याइतका मी भाबडा नाही, आणि प्रत्येक विरळ रोगाच्या कैवाऱ्याने आपापले नाव घुसडले तर यादीचा कोश होईल. माझी तजवीज याहून किरकोळ आहे. नवजाताच्या नाकातून जाणारी बारीक लवचीक दुर्बीण प्रत्येक जिल्ह्याच्या नवजात कक्षात असावी आणि ती चालविणारा एक तरी डॉक्टर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तेथे यावा. ती दुर्बीण द्रवगाठीसाठी तीन वर्षांतून एक-दोनदा उपयोगी पडेल, पण मऊ कूर्चा, स्वरतंतूंचा पक्षाघात, जन्मजात पडदा, नळीने झालेली इजा आणि घशात अडकलेला शेंगदाणा यांसाठी दर आठवड्यास. अतिदक्षता विभागातील एका कृत्रिम श्वासयंत्राच्या मानाने तिची किंमत फार नाही.

शस्त्रक्रियेनंतर मूल गावी परतले म्हणजे काम संपले असे होत नाही. ज्यांच्या ठायी गाठीबरोबर मऊ कूर्चाही असते त्यांचा घसा काही महिने वाजतच राहतो, आणि घरच्यांस वाटते की शस्त्रक्रिया फुकट गेली. उलट ज्याची गाठ परत भरत आहे त्याचा आवाज पूर्वीचाच म्हणून दुर्लक्षिला जातो. दोहोंचा निवाडा पुन्हा वजनानेच होतो, आणि काही आठवड्यांनी एकदा दुर्बीण घालून पाहिल्याने. परतूर-मंठा-अंबडकडील तांड्यांवरून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कार्तिकात जन्मलेल्या बालकाचे बेचाळीस दिवस पाचटाच्या खोपीत जातात, जेथे आष्टीची आशा पोहोचत नाही आणि कारखान्याच्या गावातल्या आशेच्या यादीत त्याचे नाव नसते. तशात पहिले बाळंतपण माहेरी झालेले असले तर मुलाची नोंद तिसऱ्याच गावी असते. ज्याच्या गळ्यावर एकदा शस्त्र चालले आहे अशा मुलाच्या आईजवळ रुग्णालयाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक मराठीत लिहिलेले कार्ड द्यावे: गाठ कोठे होती, कधी काढली, घरी जाताना वजन किती होते, पुन्हा केव्हा दाखवावयाचे, आणि कोणत्या चिन्हावर त्याच रात्री निघावयाचे. आज बहुधा मिळते ते इंग्रजीतील डिस्चार्ज कार्ड, आणि ते खोपीच्या कुडात खोचलेले असते.